बार्बा शिमूनचा खर्ज आणि माझ्या कानांच्या नव्या गाद्या

ब्राच बेट,
बोटीची तिकीट-कचेरी (खिडकी बंद करून),
ऑगस्टातली एक पेंगुळलेली दुपार

तीर्थस्वरूप पेरिनाताईस,

धाकट्या याक्शाचा, मान जितकी वाकते तितकी वाकवून (उजवीकडे अजिबात वाकत नाही, कारण खाली येईलच), नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? जिना चढताना दुखतो की उतरताना, हे आईला नक्की कळव, कारण दोन्हीसाठी ती वेगवेगळ्या संतांना साकडं घालते आणि मागच्या महिन्यात आपण भलत्याच संताकडे गेलो असं तिला वाटू लागलंय. आईची तब्येत उत्तम आहे, पण हे तिला सांगू नकोस, ती फार रागावते. भावोजींना नमस्कार. त्यांच्या बाल्कनीतल्या टोमॅटोंना यंदा तरी फळ धरलं असेल अशी आशा करतो. इकडे ऊन इतकं आहे की बंदरातली मांजरंसुद्धा एकमेकांशी भांडण उद्यावर ढकलतात.

तर ताई, तू पाठवलेल्या हेडफोनच्या कानगाद्या पोचल्या. तुझे उपकार कुठल्या तोंडानं मानू? ईस्टरला आली होतीस तेव्हा माझ्या उशीवरचं काळं भुसकट पाहून तुला वाटलं होतं की मी केसांना कलप लावतो. कलप कसला, त्या जुन्या गाद्यांचं चामडं झडत होतं! कान, गाल, मानेची मागची बाजू, जिथे बघावं तिथे काळे पापुद्रे. एका रविवारी तर मी प्रसाद घ्यायला पुढे झालो आणि पाद्रीबुवा माझ्या कानाकडेच बघत राहिले, शेवटी हळूच म्हणाले, पोरा, आंघोळसुद्धा देवाचीच देणगी आहे. शिवाय त्या गाद्या दबून दबून पोळीएवढ्या पातळ झाल्या होत्या, त्यामुळे आतली कडक जाळी सरळ कानाला टोचायची. (आपल्या घराण्याचे कान तुला ठाऊकच आहेत. बाबा वाऱ्याच्या दिवशी धक्क्यावर उभे राहिले की लोक म्हणायचे, शिडं उतरवा.)

नव्या गाद्या बसवण्यात एक अख्खी दुपार गेली. मोठ्या उशीला लहान अभ्रा घालायला आईनं तुला कधी लावलं असेल तर तुला कल्पना येईल. एका बाजूची कड खाचेत घातली की दुसऱ्या बाजूची सुटते. एक नख मोडलं, दोन संतांची नावं नको त्या शब्दांशेजारी आली. शिवाय या गाद्यांची एक बाजू जाड आणि एक पातळ असते, जाड बाजू कानामागे यायला हवी, हे मला आधी कळलं नाही. मी त्या उलट्या लावल्या आणि अर्धा दिवस माझा जबडा असा काही पुढे ढकललेला होता की तिकिटं घ्यायला आलेली माणसं विचारत होती, काय रे, कोणावर रागावलास?

पण मग त्या नीट बसल्या आणि मी हेडफोन डोक्यावर चढवला. ताई, काय सांगू! लहानपणी मला ताप आला की तू मागून येऊन दोन्ही तळहातांनी माझे कान झाकायचीस आणि म्हणायचीस, आता जग बंद, आता झोप. अगदी तसं झालं. झाडांवरचे किरकिरणारे किडे बंद. लाटा बंद. खाली कॅफेत पत्ते आपटणारे बंद. आईसुद्धा बंद! (ही मानवजातीला नवीनच गोष्ट.) उरला तो फक्त माझ्याच रक्ताचा आवाज, दूरच्या समुद्रासारखा, आणि मऊ, गुबगुबीत काळोख. मी अजून काहीही लावलं नव्हतं, नुसती तार लोंबत होती, तरी मी ऐकत बसलो होतो. दुपारच्या त्या गुंगीला आपण फ्याका म्हणतो ना, ज्यात माणसाला काही नको असतं आणि ते नको असणंही नको असतं, तो फ्याका आजवर मला बाहेरून यायचा. आता तो मला डोक्यावर चढवता येऊ लागला.

परिणाम व्हायचे ते झालेच. स्प्लिटची बोट आली, भोंगा वाजवला, पुन्हा वाजवला, आणि मी खिडकीत डोळे उघडे ठेवून हसत बसलो होतो म्हणे. रांग पार बर्फवाल्यापर्यंत गेली. शेवटी कप्तान स्वतः खाली उतरून आला आणि त्यानं माझा एक कान उचलून (म्हणजे हेडफोनचा) आत तोंड घालून विचारलं की साहेब, आम्ही निघू का? दुसऱ्या दिवशी मी टेबलावर डोकं ठेवून उजव्या कुशीवर झोपलो. गादी इतकी मऊ की मान अवघडल्याचं कळलंच नाही. तिसऱ्या दिवशी आईनं चुलीवरच्या मासळीच्या रश्शाकडे लक्ष ठेवायला सांगितलं. मी लक्ष ठेवलं. रश्शानं आवाज केला असेल तर तो मला ऐकू आला नाही. आई म्हणाली, 'तुझी ताई तिकडे शिकली-सवरली, आणि तिनं भावाला पाठवलं काय, तर बहिरेपण! तेही मऊ!'

आता मुद्द्यावर येतो. (आई म्हणते मी मुद्द्यावर येतो तोवर मुद्दा म्हातारा होतो.)

आपल्या क्लापेचं तू जाणतेसच. आठ गळे, वाद्य एकही नाही, खांद्यावर हात टाकून अर्धगोलात उभं राहायचं आणि गायचं. मी वरच्या पट्टीत, आणि पार तळाशी अख्ख्या गावाच्या काकांचा, बार्बा शिमूनचा खर्ज. तो खर्ज होता म्हणून आम्ही बाकीचे वर उड्या मारू शकत होतो. पण हिवाळ्यात त्यांना न्यूमोनिया झाला तेव्हापासून बार्बा सरावाला आले तरी जमिनीकडे बघून गायचे. सुराच्या शेवटी त्यांचे ओठ हलायचे, आवाज आधीच घरी गेलेला असायचा. त्यांनीच एकदा जाकिटाची बटणं लावता लावता सांगितलं की ऑगस्टातला मेरीमातेचा सण झाला की क्लापेचं हे काळं जाकीट मी परत करतो, पोरांनो, फुफ्फुसांची चाळण झालीये. सदुसष्टाव्या वर्षी माणूस होडी विकतो, दारू कमी करतो, ते चालतं. पण बार्बांनी गाणं सोडलं तर मागे काय उरेल, याचा विचार करायला मी घाबरत होतो. त्यांच्या घरच्या डोब्रिलाकाकू तर उघडच म्हणायच्या की तो घरी नुसता बसला ना, तर पुढचा हिवाळा बघणार नाही.

यंदा क्लापांच्या महोत्सवासाठी आधी रेकॉर्डिंग पाठवायचं होतं. यंत्र माझं, हेडफोन माझा, म्हणून मी साउंड-इंजिनिअर. टेकडीवरच्या स्मशानाच्या चर्चमध्ये आवाज छान घुमतो म्हणून तिथे सराव. पहिलं गाणं ध्वनिमुद्रित केलं, दुसऱ्या दिवशी कचेरीत बसून तुझ्या गाद्यांतून ऐकलं, आणि ताई, मी खुर्चीवरून उठलोच. खर्ज! आठांपैकी सातजण कुठेतरी चिवचिवत होते आणि मध्ये बार्बा शिमून, बोटीच्या इंजिनासारखे, पोटातून, पायाखालून. माझ्या दाढा हलल्या. मला वाटलं, अरे देवा, हा माणूस बरा झालाय आणि आम्ही त्याच्या शोकसभेची तयारी करतोय!

मी तसाच कॅफेत गेलो आणि सगळ्यांदेखत म्हणालो, 'बार्बा, एक सांगू का? जरा मागं सरून गात जा. तुमचा खर्ज आम्हाला बुडवतोय.'

पत्ते थांबले. बार्बांनी कप खाली ठेवला. 'बुडवतोय?'

'बुडवतोय.'

'सगळ्यांना?'

'मी तर गटांगळ्या खातोय.'

ते उठले, टोपी तिथेच विसरून निघून गेले. मग जे माझ्यावर तुटून पडले सगळे! गाढवा, आजारी माणसाची थट्टा करतोस? आईला ही बातमी मी घरी पोचायच्या आधी पोचली होती. तिनं जेवण वाढलं पण चमचा दिला नाही. रात्रभर माझ्या जिवाला घोर. सकाळी कचेरीत येतो तो दाराच्या कडीला पिशवी, पिशवीत ताजा ऑक्टोपस. आता ऑक्टोपस रागावून कोणी देत नाही हे मलाही कळतं, पण तो माझ्याकडे ज्या नजरेनं बघत होता त्यावरून खात्री वाटेना. तेवढ्यात डोब्रिलाकाकू खिडकीशी आल्या. तिकीट नको होतं त्यांना. माझा हात धरला आणि म्हणाल्या, 'पोरा, हिवाळ्यानंतर आज पहिल्यांदा तो दाढी करताना गायला. आता परसात शेळीला ऐकवतोय. म्हणतो, मी बुडवतोय त्यांना, डोब्रिला, सगळ्यांना बुडवतोय!' आणि त्या रडू लागल्या. मीही रडलो. मागे रांग उभी होती.

त्यानंतर गंमत बघ. पुढच्या सरावाला मी यंत्राला जोडलेला हेडफोन कानांवर घालूनच गात होतो, आणि खर्ज तसाच दणदणत होता. म्हटलं, बार्बा, एक पाऊल मागे. ते गेले. अजून दणदणत होता. खांबाच्या मागे जा. गेले, आणि चालताना त्यांची छाती जरा पुढे आलेली. मग दारात. मग पायरीवर. दर वेळी मी हात हलवायचा आणि दर वेळी त्यांनी विचारायचं, 'अजून जास्त होतोय?' आणि विचारताना तोंडभर हसू, सोहळ्यात मागे-मागे सरकणाऱ्या नवरदेवासारखं. शेवटी बार्बा शिमून स्मशानात, सायप्रसच्या झाडाखाली, आपल्या आजोबांच्या थडग्याला टेकून उभे राहून गाऊ लागले आणि आम्ही सात जण आत. येणारे-जाणारे विचारायचे, बार्बा, इथे एकटेच? ते म्हणायचे, 'आत मावत नाही मी.'

मी सुखात होतो. दुपारी कचेरीत डोळे मिटून तो खर्ज ऐकायचो. गाद्यांच्या आत तो ऊबदार, जाड, काळ्या मधासारखा पसरायचा आणि त्यावर मी तरंगत राहायचो, लहानपणी बाबांच्या होडीच्या तळाशी निजायचो तसा. (चामडं आहे ना, त्यामुळे कान घामानं उकडून निघायचे. गादी काढली की चुलीवरचं झाकण काढल्यासारखी वाफ. पण सुख म्हटलं की थोडा घाम आलाच.)

आणि मग महोत्सववाल्यांचं सूचनापत्रक आलं. बारीक अक्षर. हेडफोन घालताना मी चष्मा काढून ठेवतो, कारण जाड गाद्या काड्यांवर दाबतात. त्या दिवशी आळसानं हेडफोन न काढता तसाच, गादीखालून काड्या सरकवून, चष्मा घातला. आणि खर्ज गेला.

गेला म्हणजे गेला, ताई! नळ बंद करावा तसा. मला वाटलं बार्बा गाणं अर्धवट सोडून घरी गेले. चष्मा काढला, बार्बा परत. घातला, बार्बा गायब. काढला, आले. मी किती वेळा केलं कुणास ठाऊक. खिडकीत केकामावशी उभ्या होत्या, सुपेतारला जायचं होतं त्यांना. शेवटी म्हणाल्या, 'याक्शा, मी चष्म्यातून बरी दिसते की चष्म्याशिवाय? एकदाचं ठरव, बोट आलीये.' आणि बोटीऐवजी सरळ आईकडे गेल्या, सांगायला की पोरगा कामातून गेला.

पोरगा कामातून गेलाच होता. काडीनं गादी इतकीशी उचलली जाते, तेवढ्या फटीतून सगळा खर्ज बाहेर. म्हणजे जो दणदणत होता तो बार्बांच्या फुफ्फुसातून येत होता की तुझ्या गाद्यांच्या पोटातून? घरी धावलो, जुन्या गाद्या शोधल्या. (आईनं त्या स्वयंपाकघरातल्या लंगड्या स्टुलाखाली घातल्या होत्या. आता स्टूल लंगडतंय, आणि त्याचाही दोष तुझ्याकडे.) त्या झडक्या पोळ्या लावून ऐकलं. वरच्या पट्ट्या सुईसारख्या, माझा स्वतःचा आवाज तर खिळ्यानं पत्रा खरवडावा तसा (हे इतकी वर्षं मला कोणी का सांगितलं नाही?), आणि बार्बा शिमून? लांबवर कुठेतरी बाटलीत अडकलेली माशी. आता माशी नाहीतर काय, मीच तर त्यांना स्मशानात उभं केलं होतं! जी थोडी धुगधुगी होती तीही दारं-भिंती-थडगी ओलांडून आत येईपर्यंत मेली.

मी स्टुलाशेजारी जमिनीवर बसलो. आईनं न मागता पाणी आणून दिलं, म्हणजे चेहरा खरंच वाईट दिसत असणार. खरं कुठलं, ताई? जाड गादीतलं की झडक्या गादीतलं? मला वाटायचं हेडफोन म्हणजे आरसा. पण तो खिडकीसारखा असतो, आणि काच घरातलं कोणीही बदलतं. एक मात्र पक्कं होतं: बार्बांना हे कळता कामा नये. आणि बार्बांना आत आणायचं होतं. बरं, आणायचं कसं? मागे जा म्हणणं सोपं होतं, त्यात मान होता. पुढे या म्हणायचं तर कारण काय सांगू?

शनिवारी सरावाला मी म्हणालो, बार्बा, आज आत गायचंय. ते दचकलेच. 'अरे, मी आत आलो तर वाहून जाल तुम्ही!' मी म्हटलं, त्याचं असं आहे, तुम्ही बाहेर गायला लागलात की झाडावरचे किडे घाबरून गप्प बसतात, आणि यंत्रात त्यांचं ते गप्प बसणं फार मोठ्यानं ऐकू येतं. देवळात उभं राहून इतकं खोटं मी आयुष्यात बोललो नव्हतो. बार्बांनी झाडाकडे पाहिलं, किड्यांची दया आल्यासारखी मान हलवली आणि आत आले. बाकीच्या सहा जणांच्या मनात काय होतं ते त्यांनी दाखवलं नाही. त्यांनी नुसती अर्धगोलात मधली जागा सोडली.

खांद्यावर हात टाकायचे तर हेडफोनची तार आडवी येते. मी तो काढून बाकावर ठेवला. डाव्या हाताखाली बार्बांची पाठ आली. किती वाळलीये ती, ताई! जाकिटातून एकेक मणका लागतो. मग आम्ही गायला लागलो. ऐकू काय आलं ते मला सांगता येणार नाही, कारण मी स्वतःच ओरडत होतो, खिळा-पत्रा. पण माझ्या तळहाताखाली ती पाठ गुणगुणत होती. आधी थोडी, मग वाढत वाढत, माझ्या मनगटातून कोपरात, कोपरातून बरगड्यांत. बार्बा जमिनीकडे बघत नव्हते. मान वर करून, डोळे मिटून, एवढ्याशा छातीकडे काय वाट्टेल ते मागत होते आणि छाती देत होती. एक महिना ते स्वतःला सगळ्यांना बुडवणारा खर्ज समजत होते ना, त्या समजुतीवरच ते गात होते. मला इतका आनंद झाला आणि इतकी भीती वाटली की शेवटच्या ओळीला मी गाणंच विसरलो. कोणाच्या लक्षात आलं नाही. असं ते म्हणाले.

तर हे असं आहे. बाकी सर्व क्षेम. मान हळूहळू सुटतेय. आईचे तुला आशीर्वाद आणि रश्शाबद्दल तक्रार.

तुझाच,
घामट कानांचा याक्शा

ता.क. पुढच्या वेळी मखमलीच्या गाद्या मिळाल्या तर बघ. त्या म्हणे खर्ज फुगवत नाहीत आणि कानही शिजवत नाहीत. आईला सांगू नकोस, ती म्हणेल मखमल राजाला, तिकीटवाल्याला नाही.

ता.क. २. आता खरं ते. शनिवारचं ते रेकॉर्डिंग मी अजून ऐकलेलं नाही. कुठल्याच गादीतून नाही. धीर होत नाही. बार्बा शिमून छातीच्या तपासणीसाठी तुमच्या झाग्रेबला येतायत आणि रेकॉर्डिंग ते स्वतः घेऊन तुझ्याकडे येणार आहेत. तूच का, विचारशील. ईस्टरला आपल्या गच्चीवर तू म्हणाली होतीस ना, शिमून आता गात नाही, नुसता श्वास घेतो. तेव्हा ते खाली अंगणात आईसाठी लिंबं घेऊन उभे होते. डोब्रिलाकाकूंनी मला परवा सांगितलं. लिंबं तशीच ठेवून गेले. तुझ्यावर राग नाही त्यांचा, अजिबात नाही. उलट म्हणतात, पेरिनाला कान आहे, ती म्हणाली म्हणजे खरंच असेल. म्हणूनच तुलाच ऐकवायचंय. तुझ्याकडच्या मोठ्या स्पीकरवर लाव, ज्याला गादी-बिदी काही नाही. खर्ज असला तर त्यांना सांग. नसला तरी काय सांगायचं ते तुला कळेल, तू मोठी आहेस. पण नंतर मला एकट्याला खरं लिही.

ता.क. ३. बार्बा आताच खिडकीशी येऊन उभे राहिलेत, हे पत्रही तेच घेऊन येतो म्हणतात. एवढं काय लिहितोयस विचारलं. म्हटलं, ताईनं गाद्या पाठवल्या, त्यांचे आभार मानतोय. ते म्हणाले, 'तिला लिही, जुन्या माझ्याच आवाजानं फाटल्या.' लिहितो म्हटलं. लिहिलं.